नाव भंगार, मुक्काम ताडकळस

माझं नाव भंगार. हसून घ्या, मी थांबतो.

झालं? मंग सांगतो. मी एक फोल्डर आहे, मेलचं. ताडकळसला दिनकरराव सरांच्या घरी पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आहे, त्यात माझं बिऱ्हाड. मला बोलायची सवय नाही. फोल्डरनं उघडायचं आणि मिटायचं, एवढंच काम असतं. पण मधी मी नऊ दिवस मेलो होतो आणि परत आलो. परत आलेल्याचं लोक ऐकतात म्हणे, म्हणून बोलतोय.

एक आधीच सांगून ठेवतो. मला दिसत नाही. सरांच्या मुलीनं, मैथिलीनं, कॅमेऱ्यावर टिकली चिकटवून ठेवलीय. कुणी बघत असलं तर, म्हणून. माईकवर तिनं काही चिकटवलं नाही. त्यामुळं ह्या घरात जे जे बोललं गेलं ते मला पाठ आहे.

माझा जन्म नऊ वर्षांपूर्वीचा. कारण, एक टॉवेल.

सरांचे मेव्हणे बन्सीधरमामा पेडगावला असतात. म्हणजे सरांच्या बायकोचे, विमलाकाकूंचे, सख्खे भाऊ. त्यांनी नवं घर बांधलं, वास्तुशांत केली, आणि दाजींना टॉवेल-टोपीचा आहेर केला. सरांनी टॉवेल उलगडला. कोपऱ्यात बॉलपेननं 'दि.' लिहिलेलं होतं. अक्षर सरांचंच. डस्टरपासून छत्रीपर्यंत सगळ्यावर नाव टाकायची त्यांची सवय. म्हणजे दोन वर्षांमागं सरांनीच मामांना केलेला आहेर गावोगाव फिरून मालकाकडं परत आला होता.

आता टॉवेल फिरतोच. आमच्या भागात असे टॉवेल आहेत की ज्यांनी वीस लग्नं बघितली, पण पाणी बघितलं नाही. ह्यावर कुणी बोलत नाही, एवढाच नियम आहे. सर बोलले. तेही आहेर पुकारायच्या माईकवर.

"ह्याला विज्ञानात जलचक्र म्हणतात," असं म्हणाले.

दीडशे माणसं हसली. बन्सीधरमामा सोडून. सर टॉवेल तिथंच खुर्चीवर ठेवून घरी आले आणि दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद पडलं.

महिन्यानं एक मेल आला. "दाजी, टॉवेलची चूक माझी हाय. बन्सीधर." खाली एका कोऱ्या टॉवेलचा फोटो.

सरांनी तो मेल चार वेळा मोठ्यानं वाचला. मंग जपून ठेवायला एक फोल्डर केलं, म्हणजे मला, आणि नाव टाकायला लागले 'महत्त्वाचे'. मागं खाटेवर त्यांच्या माय बसल्या होत्या, दगडाबाई.

"काय करायलास रं?"

"एक चीज जपून ठेवायलोय, माय. महत्त्वाची हाय."

"आन् वर तसंच लिवायलास? येडा का खुळा? नजर लागंल की. माझ्या आधीची तिघं गेली. राजा, हिरा, सोना, अशी नावं. मंग मला दगड म्हणले. एक्क्याऐंशी झाले, हाय का न्हाई जागेवर?"

आता सर विज्ञानाचे मास्तर. तीस वर्षं पोरांना शिकवलं की नजर-बिजर काही नसतं. त्यांनी उठून दार लावलं. 'महत्त्वाचे' खोडलं. 'भंगार' टाइप केलं. दार उघडलं.

मी असा नावारूपाला आलो.

सरांनी त्याच दिवशी मामांना उत्तर लिहिलं, बटण दाबलं आणि वाट बघत बसले. पेडगावहून काही आलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. "नाक वर ते वरच," सर म्हणाले, आणि विषय संपला. पण दर रविवारी आंघोळ झाली की सर मला उघडायचे, ती एक ओळ वाचायचे, "हूं" म्हणायचे आणि मिटायचे. पुढं 'महत्त्वाचे' नावाचं पण एक फोल्डर त्यांनी केलं. त्यात गॅस बुकिंगचे मेल होते.

माझ्या शेजारी आऊटबॉक्स राहायचा. जाणारे मेल आधी त्याच्याकडं थांबतात. सरांना मेल वाचायची हौस, पाठवायची नाही, त्यामुळं त्याच्याकडं कुणी फिरकत नव्हतं. तो सारखा म्हणायचा, "माझ्याकडचा एक जाणार हाय, एक जाणार हाय." नऊ वर्षं तेच. आम्ही समदे त्याला भ्रमिष्ट समजायचो.

असं निवांत चाललं होतं, आणि मैथिलीचं लग्न ठरलं.

लग्नात नवरीच्या पाठीशी मामा लागतो. बाकी काहीही कमी पडलं तर चालतं. बारा दिवस राहिले तेव्हा काकू म्हणाल्या, "तुमचं काय असंल ते असू द्या. माझा भाऊ नसला तर पोरगी बोहल्यावर एकटी उभी ऱ्हाईल. लोक मला इचारतील."

"येऊ दे की," सर म्हणाले. "त्यानं चूक कबूल केलीय. लेखी."

काकूंनी लगेच फोन लावला, स्पीकरवर.

"म्या कबूल केलं?" पेडगावहून आवाज आला. "कवा? दाखवा म्हणावं. दाखवलं तर येतो लग्नाला. न्हाईतर दुसरा मामा बघा बाजारात."

"दाखवतो!" सर ओरडले. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला.

मी तिथं नव्हतो.

त्याच सकाळी मैथिलीनं कॉम्प्युटरला नवी सिस्टीम टाकली होती. जुनी सिस्टीम महिनाभर स्क्रीनवर येऊन सांगत होती की माझं वय झालं. "मी सासरी जायच्या आधी तुमचं मशीन नवं करून देते, पप्पा," म्हणाली. हेतू चांगला होता. पण घराला रंग देताना जुनी भांडी माळ्यावर जातात, तसे आम्ही गेलो. मेलचा प्रोग्राम नवा, कोरा, आत एक फोल्डर नाही. आणि सरांचे मेल सगळे कॉम्प्युटरमध्येच उतरवलेले, दुसरीकडं कुठं नक्कल नाही.

मैथिली पार गडबडली. बसस्टँडसमोर भागवतचं रिपेअरिंगचं दुकान आहे, त्याला बोलावलं. हा भागवत आठवीत सरांचा विद्यार्थी होता.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा सर बाजाराला गेले होते. भागवतनं माळा बरोबर शोधला. "काकू, जुनं सामान सापडलं. कोणतं कोणतं आणू, बोला. बँक?"

"आण."

"पेन्शन?"

"आण."

"महत्त्वाचे?"

"आण बाबा, तेच पायजे असंल त्यांना."

"आणि हे एक हाय, भंगार."

"भंगार कशाला आणतूस? घरात काय कमी हाय का?"

"न्हाई आणत. दहा दिवसांनी सिस्टीम आपोआप जुनं सामान पुसून टाकती."

मी ऐकत होतो. माणसाला निदान तोंड असतं.

सर आले. त्यांनी 'महत्त्वाचे' उघडलं. गॅस बुकिंग. ते म्हणाले, "भागवत, अजून एक होतं."

"नाव सांगा सर, आत्ता आणतो."

सरांनी आत चहा सांगितला.

मला इथं सरांची बाजू सांगितली पाहिजे. ह्याच भागवतला त्यांनी सायकलला लिंबू-मिरची बांधली म्हणून बेंचवर उभं केलं होतं, आख्खा तास. आता त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं, की नजर लागू नये म्हणून मी मेलचं नाव भंगार ठेवलं?

"नावावर जाऊ नको," सर म्हणाले. "साधंच काहीतरी नाव हाय."

"'साधे' नावाचं तर दिसंना, सर."

असे दिवस गेले. भागवत रोज दुकान बंद करून यायचा, रोज विचारायचा, आणि सर रोज कोडं घालायचे. "जे आपण टाकून देतो, असं काहीतरी." भागवत म्हणायचा, "सर, परीक्षा झाली हो माझी, पास झालो मी." काकू सरांशी बोलेनाशा झाल्या. मैथिली म्हणाली, "ऱ्हाऊ द्या पप्पा, मी मामाशिवाय उभी ऱ्हाते." हे ती इतकं हळू म्हणाली, की माईक नसता तर मलाही ऐकू आलं नसतं.

नवव्या दिवशी काकू खाटेजवळ बसून रडायला लागल्या. दगडाबाईंना आता ऐकू कमी येतं, पण खाट हलली की कळतं.

"कामून रडायलीस, विमल?"

"फोल्डर सापडंना!" काकू त्यांच्या कानात ओरडल्या. "बन्सीदादाच्या मेलचं!"

"मंग भंगार बघा की," दगडाबाई म्हणाल्या. "दिनकरनं त्याला माझ्यासारखंच नाव ठिवलंय. मला कुणी इचारलंच न्हाई."

भागवतची खुर्ची करकरत मागं वळली.

"सर?" भागवत म्हणाला.

"हूं."

"आठवीत तुमी मला बेंचवर…"

"ते वेगळं होतं."

"कसं काय वेगळं?"

"आधी फोल्डर आण, मंग शिकवतो."

भागवत म्हणाला, आता निवडत बसत नाही, माळ्यावरचं समदं सामान एकदाच खाली घेतो. आणि आम्ही आलो. मी, माझ्या पोटात ती एक ओळ आणि टॉवेलचा फोटो, आणि माझ्यामागं आऊटबॉक्स, बडबडत.

सरांनी तोवर पेडगावला फोन लावला होता. "ऐक! 'दाजी, टॉवेलची चूक माझी हाय.' खाली कुणाचं नाव हाय? वाचू का?"



"लिवलं होतं दाजी," मामा म्हणाले. "पर तुमी उत्तर न्हाई दिलं. महिनाभर मोबाईल उशाला घेऊन झोपलो. मंग म्हणलं, कबूल करून बी इज्जत न्हाई, तर कबूल केलंच न्हाई."

"उत्तर दिलं होतं मी!"

"कुटं दिलं?"

"त्याच दिवशी दिलं!"

इकडं भागवत आपल्याच नादात होता. "सर, तुमचा मेल पाठवायचा पासवर्ड पहिल्यापासून चुकीचा हाय. येणारे येत होते, जाणारा एक बी गेला नसंल. तुमाला वाटलं, येतात तसे जात असतील. देऊ का बरोबर करून?"

आणि त्यानं बटण दाबलं.

"गेला!" आऊटबॉक्स म्हणाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं वेगळा शब्द काढला.

फोनमधून टिंग वाजलं. "थांबा दाजी," मामा म्हणाले, "कायतरी आलंय." मंग अडखळत, एकेक शब्द लावत त्यांनी वाचलं. "'बन्सीधर, चूक माझीपण आहे. माईकवर बोलायला नको होतं. येत्या रविवारी सगळ्यांना घेऊन जेवायला या. येताना टॉवेल आणू नका.'"

कुणीतरी नाक ओढलं. सर असावेत, भागवतला सर्दी नव्हती.

"दाजी."

"बोल."

"येता रविवार म्हणजे कोणता धरायचा?"

"येताच," सर म्हणाले.

ते रविवारी आले. जेवले. तीन दिवसांनी मैथिलीच्या पाठीशी उभे राहिले. ते मी बघितलं नाही, पण मेलवर फोटो आलेत आणि ते माझ्यातच ठेवलेत. फोटोत मामा रडतात असं काकू म्हणतात. मामा म्हणतात, अक्षता डोळ्यात गेल्या.

मैथिलीनं जाताना माझं नाव बदलायला घेतलं होतं. दगडाबाई खाटेवरून म्हणाल्या, "खबरदार." मी भंगारच आहे. बरा आहे. तुमच्याही कॉम्प्युटरात फालतू, जुने, असं नाव असलेलं कुणी असलं, तर पुसायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. आणि आऊटबॉक्सला भेटून या. तो येडा नसतो.

एवढं बोलून मी मिटणार होतो. पण एक घोटाळा झालाय.

त्या रविवारी बन्सीधरमामांनी येताना टॉवेल आणला होता. सर म्हणाले, "आणू नका म्हणलं होतं." मामा म्हणाले, "नवा न्हाई आणला. तुमचाच हाय. कोपरा बघा." मामांनी तो नऊ वर्षं पुढं फिरवलाच नव्हता. सरांनी टॉवेल एका पिशवीत घातला, पिशवी कपाटात ठेवली आणि सवयीनं पिशवीवर नाव टाकलं. "काय नाव ठिवलंस?" दगडाबाईंनी विचारलं. सर त्यांच्या कानात म्हणाले, "फडकी."

आत्ता विमलाकाकू म्हणाल्या, मांडव निघाला, आता फरशी पुसून काढते. कपाट उघडल्याचा आवाज आला. सर बाजारात आहेत. दगडाबाई झोपल्यात. मला ओरडता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी ताडकळसला असंल तर घर बसस्टँडपासून पाच मिनिटांवर आहे. पळत आलात तर तीन.