नेलपॉलिशच्या रेघा

गाडी घेतली ती माझ्या हौसेने. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, पंखा. निवृत्तीनंतर किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं, हे स्वप्नही माझंच. पण रत्नागिरीतल्या गॅरेजवाल्याने चार हेलपाटे घालायला लावले, तशी माझी बायको सावनी म्हणाली, "आपणच शिकू या." मी हसलो. तिने व्हिडिओ बघून वह्या भरल्या आणि सहा महिन्यांत सगळी दुरुस्ती शिकली. मी शिकलो टॉर्च धरायला.

आवळलेल्या प्रत्येक नटावरून त्याखालच्या भागापर्यंत ती नेलपॉलिशची एक बारीक सरळ रेघ ओढायची. लोखंडालाही शृंगार, असं मी चिडवायचो. कशासाठी, ते कधी विचारलं नाही.

शेजारचे दत्तात्रेयकाका वीस वर्षं माझ्याकडे सल्ल्याला येत. आता ते आवाराच्या दगडी गडग्यापलीकडून विचारत, "सावनी आहे काय रे घरात? आमचा पंप पाणी खेचत नाही." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सरळ सांगतो, मी जळत होतो. एकदा तरी तिचं अडलेलं मला बघायचं होतं.

रविवारी काका-काकूंना घेऊन नाटे गावच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं. सकाळी सावनी आंघोळीला गेली, तेव्हा मी पाना घेतला आणि मागच्या बॅटरीच्या तारेचा नट रस्त्यातल्या हादऱ्यांनी सुटेल इतका सैल केला. त्या बॅटरीवर फक्त पंखा आणि नळाचा पंप चालतो. गाडी अडणार नव्हती, तिचा तोरा तेवढा उतरणार होता.

किनाऱ्यावर कमलाकाकूंनी चहासाठी नळ सोडला. थेंब नाही. पंखाही बंद.

"आता काय गो करायचं?" काका म्हणाले. मला आतून उकळ्या फुटत होत्या.

सावनीने पलंगाखालची फळी उचलली. मी टॉर्च धरला. सगळ्या नटांवरच्या रेघा सरळ होत्या. एकाच नटावरची मोडली होती. अर्धी रेघ नटाबरोबर फिरून भलतीकडे गेली होती. रेघा कशासाठी होत्या, ते मला तेव्हा कळलं.

तिने माझ्याकडे बघितलं. "रस्त्याने झालं असतं तर चार तरी हलले असते," ती हळूच म्हणाली आणि पाना माझ्या हातात दिला. "आवळा."

मी गडबडीत फिरवला. नट आणखी सैल झाला.

"तिकडे नाही. सोडवायची बाजू तेवढी बरी येते तुम्हाला."

मी दुसरीकडे फिरवला. पंखा गरगरला, नळाला पाणी आलं.

"शाबास गो सावनी!" काका ओरडले.

"मी नाही हो काका. ह्यांनी केलं."

"उन्मेषने? वा रे पठ्ठ्या!"

इतके महिने हेच ऐकायला मी तडफडत होतो. आता मान वर करवेना.

सावनीने पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढून माझ्यापुढे धरली.

"रेघ ओढा," ती म्हणाली. "पुन्हा कुणी हात लावला तर कळायला हवं."