दोघे ओलीस, एक बेपत्ता

बातम्यांच्या टेबलावर तिला सगळे 'कात्री' म्हणत. 'ओलीस' या शब्दावर तर तिची खास करडी नजर. संपामुळे बस बंद पडल्या आणि कुणी हौशीनं 'प्रवासी ओलीस' लिहून आणलं, की ती ते उडवून 'प्रवाशांचे हाल' करायची. "ज्याच्या बदल्यात कुणी काहीतरी मागतं, तो ओलीस. बाकीचे नुसते अडकलेले," हे तिनं नव्या-जुन्या सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं. घरी नवरा चिडवायचा, "सुट्टीच्या दिवशी मला ओलीस धरतेस तू." ती म्हणायची, "तुझ्या बदल्यात मला कोण काय देणार?"

नवरा औषधांचा ट्रक चालवायचा. सीमेपलीकडे त्याला आणि आणखी दोघा चालकांना बंदूकवाल्यांनी पळवून नेलं. तेव्हापासून तिला ना रडू येई, ना भूक लागे. कामावर मात्र रोज यायची आणि डबा न उघडता परत न्यायची.

त्या संध्याकाळी मागणी आली. तुरुंगातले आमचे साथीदार सोडा, तुमचे चालक घेऊन जा. त्यात नावं दोघांचीच होती, नवऱ्याचं नव्हतं. संपादकांनी बातमी स्वतः लिहिली आणि वर मथळा दिला, 'तिघे चालक ओलीस'. पान तपासायला तिच्याकडे आलं. हात सवयीनं चालला. 'दोघे ओलीस, एक बेपत्ता.'

संपादक तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "राहू दे की गं. एका शब्दानं कुणाचं काय बिघडतंय?"

"मागणी दोघांसाठीच आहे, सर."

आपण काय बोललो ते तिला नीट कळलं होतं. पण आत काहीच हललं नाही. पान छपाईला गेलं.

सकाळी सासूबाई पेपर घेऊन बसल्या होत्या. ती चहा गाळत होती.

"तिघांना एकत्रच नेलं ना गं? मग हे दोघे ओलीस, आणि आपला वेगळा का?"

"आई, त्याच्या बदल्यात कुणी काही मागितलेलं नाही."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. कुणीतरी साधीशी चूक करून बसावं आणि ती आपण सहज निस्तरून द्यावी, अशा सुरात त्या म्हणाल्या, "मग त्यांना कळव ना. उद्याच्या पेपरात छाप. म्हणावं, मागा. काय वाटेल ते मागा."

"हो," ती म्हणाली, आणि तिनं कप त्यांच्यापुढे ठेवला.