नमुन्याला नमुनाच म्हणा

मित्रांनो, मी एक नमुना आहे, म्हणजे खऱ्या ॲपच्या आधी दाखवायला केलेलं कच्चं रूप. वय अवघं सात महिने, पण आमच्यात एवढ्यात पणजोबा होतात! डायलिसिसच्या पेशंटांना मशीनची वेळ देता यावी, म्हणून कंपनीच्या प्रॉडक्ट मॅनेजर ताईंनी एआयला सांगून मला एका दुपारी बनवलं. त्यांचा चहा गार व्हायच्या आत मी तयार. आणि काय देखणा होतो म्हणून सांगू! बटण दाबलं की हिरवी खूण यायची, ‘वेळ नोंदवली’.

बैठकीत सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं. ताई म्हणाल्या, "झालंच आहे की सगळं. सोमवारी हॉस्पिटलला देऊन टाकू."

इंजिनिअर मंडळींनी नाक मुरडलं. त्यांच्यातल्या सर्वांत अनुभवी माणसाला सगळे काका म्हणत. त्यांनी मला आतून उघडून बघितलं. "कचरा आहे नुसता. फेका, पहिल्यापासून लिहू."

असा संताप आला मला! एकीला मी तयार माल, दुसऱ्याला कचरा. अरे, नमुना म्हणून कोणी बघाल की नाही?

वाद मिटेना, तेव्हा डायलिसिस विभागाच्या सिस्टरना बोलावून माझ्यासमोर बसवलं. त्यांनी एका पेशंटला सकाळी आठची वेळ दिली. हिरवी खूण आली. मग त्याच मशीनवर, आठलाच, दुसऱ्यालाही दिली. पुन्हा हिरवी खूण!

"अहो, एका मशीनवर दोघं?" सिस्टरांचा आवाज चढला. "एकाला परत पाठवलं तर जिवावर बेतेल त्याच्या!"

ताईंचा चेहरा उतरला. दिलेली वेळ मी आत साठवतच नव्हतो. खूण दाखव म्हणाले, मी दाखवत होतो. मला लाज वाटली का? मुळीच नाही! खरा पेशंट दारात यायच्या आधी हे कळलं, ते माझ्यामुळेच.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "पण नावाशेजारी मागचं डायलिसिस कधी झालं ते दिसतंय ना, तेवढं राहू द्या हं. आम्ही ते वहीत शोधत बसतो."

काकांनी नव्याने लिहायच्या कामांची यादी काढली. तिच्यात हे नव्हतंच. त्यांनी लगेच लिहून घेतलं. ताईंनी हॉस्पिटलला फोन करून स्वतः मुदत मागितली. आतलं सगळं नव्याने लिहायला दीड महिना लागला.

मित्रांनो, मला कामाला जुंपू नका आणि न बघता फेकूही नका. माझी चूक ज्याला निस्तरावी लागेल, त्याला आधी माझ्यासमोर बसवा आणि म्हणा, दाब बटण. मग मला खुशाल पुसून टाका. मी हूं की चूं करणार नाही.