साडूच्या गल्लीचा आराखडा

उधन्यात एका नाल्याच्या दोन बाजूंना दोन गल्ल्या होत्या आणि त्यांत दोन साडू राहत. अलीकडच्या गल्लीत बन्सीलाल, लूमच्या कारखान्यात मास्तर. पलीकडच्या गल्लीत काशिनाथ, पलसाण्याला कापड रंगवायच्या कामावर. सरलाबाई आणि उषाबाई, म्हणजे त्यांच्या बायका, अमळनेरकडच्या सख्ख्या बहिणी. बहिणींचं एकमेकींशी छान होतं. साडूंचंही वाईट नव्हतं. फक्त एकाचं काही चांगलं झालं की दुसऱ्याला जेवण जात नसे.

शहाण्णव साली काशिनाथच्या गल्लीला एका संस्थेचं अनुदान मिळालं. गल्लीमागच्या तबेल्यातल्या शेणाचा गॅस करायचा आणि तो नळीने घरोघर न्यायचा, म्हणजे धूर नाही, रॉकेलची रांग नाही. अनुदान अर्थात गॅससाठी नव्हतं. गॅस कसा आणता येईल याचा आराखडा काढण्यासाठी होतं. बांधायचे पैसे पुढे कुणीतरी देईल, असं संस्थेचे लोक सांगत, आणि सांगताना जरा वर बघत. तूर्त मिळालं होतं ते एवढंच, की संस्थेची नूतनबेन टेप घेऊन यायची, नाला मोजायची, म्हशी मोजायची आणि काशिनाथच्या ओट्यावर बसून चहा प्यायची.

बन्सीलालला त्या चहाचाच जास्त त्रास झाला.

"काय साडूभाऊ, दिसत नाही हल्ली," काशिनाथने नाल्यापलीकडून विचारलं.

"इथंच आहे. तुमचा गॅस आला का?"

"आमचं आता प्लॅनिंगमध्ये आहे."

"म्हणजे स्वयंपाक स्टोव्हवरच."

"स्टोव्हवरच. पण प्लॅनिंगमध्ये."

बन्सीलालकडेही स्टोव्हच होता. पण त्याचा नुसता स्टोव्ह होता.

दुसऱ्या दिवशी तो संस्थेच्या ऑफिसात जाऊन बसला. नूतनबेन म्हणाली, "काका, अजून एका गल्लीला देता येईल. गुरुवारी येऊन बघते. घरोघर काय जळतं ते बघून ठरेल."

बघायला येणार म्हटल्यावर बन्सीलालने तेच केलं, जे आपल्याकडे मुलगी बघायला येणार म्हटल्यावर करतात. गल्ली झाडून घेतली. भुशाच्या शेगड्या गच्चीवर गेल्या, स्टोव्ह पलंगाखाली गेले, काळ्या भिंतींना चुना लागला. गल्लीत गॅसच्या टाक्या दोनच होत्या. त्या मागच्या दाराने फिरवायचं काम शेजारच्या लोटू आणि धुडकूकडे आलं.

सरलाबाई चुन्याची बादली धरून उभी होती. "अहो, त्या गरज दखाले येतस. आपली श्रीमंती नही."

"काशिनाथच्या गल्लीपेक्षा आपली गल्ली खालची दाखवू?"

"दाखवा ना. आहेच."

बन्सीलाल तिच्या हातातली बादली घेऊन पुढच्या भिंतीकडे वळला.

गुरुवारी नूतनबेन आली. पुढच्या दाराने ती शिरायची तेव्हा मागच्या दाराने टाकी शिरलेली असायची. ती बाहेर पडली की टाकी पुढच्या घरी निघायची. लोटू घामाने निथळत होता आणि दर घरी त्याची ओळख घरमालकाचा भाऊ म्हणून होत होती. चौथ्या घरात नूतनबेन टाकीपुढे थांबली. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक होतं.

"तुमच्याकडे सगळे अगदी सारखं स्वस्तिक काढतात," ती म्हणाली.

"गल्लीत एकी आहे," बन्सीलाल म्हणाला.

नूतनबेनने लोटूकडे पाहिलं. लोटूने नमस्कार केला. मग जे दाखवलं ते तिने लिहून घेतलं.

निकाल तिनेच येऊन सांगितला. गल्लीत घरोघर गॅस असल्याने आराखड्याची गरज नाही, अनुदान दुसरीकडे गेलं. पाठोपाठ काशिनाथ आला. "पुढारलेले निघालात, साडूभाऊ. आम्ही मागासच राहिलो." एवढं बोलून तो हसत हसत मागासलेल्या गल्लीत परत गेला. बन्सीलाल त्या रात्री जेवला नाही.

सरलाबाई जेवली. सकाळी स्टोव्हला पंप मारताना तिला खोकल्याची उबळ आली, तशी तिने पदर खोचला आणि फळीवरून नाला ओलांडून बहिणीच्या ओट्यावर जाऊन बसली. नूतनबेन तिथं होतीच. सरलाबाईने सगळं सांगितलं, स्वस्तिकासकट. तिच्यामागून गल्लीतल्या बाकीच्या बायकाही फळीवरून गेल्या. नवऱ्यांना त्या विचारत बसल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात काशिनाथच्या भिंतीवर आराखडा लागला. बघायला दोन्ही गल्ल्या जमल्या. बन्सीलाल सगळ्यांत शेवटी आला आणि नुसता इकडून जात होतो असं दाखवत उभा राहिला. कागदावर तबेला होता, शेणगॅसची टाकी होती, काशिनाथची गल्ली होती. तिथून एक निळी रेघ नाला ओलांडून बन्सीलालच्या गल्लीत येत होती आणि थेट त्याच्या स्वयंपाकघरापाशी थांबत होती.

"ही कुणी काढली?"

"सरलामावशी आल्या होत्या सांगायला," नूतनबेन म्हणाली. "सोपं पडलं. तुमची गल्ली काशिनाथभाईंच्या लाइनवरच जोडली."

"माझ्या घरी गॅस काशिनाथकडून येणार?"

"बांधलं तर."

काशिनाथ मागे उभा होता. "आपलंच आहे साडूभाऊ. संकोच करू नका."

बन्सीलालने चष्मा पुसला आणि ती रेघ पुन्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासली. मग नूतनबेनला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बेन, ही नळी आमच्याकडून त्यांच्याकडे जाते, असं नाही का दाखवता येणार? कागदावरच तर आहे."

"काका, बाण काढलाय तिथं."

"तेच म्हणतो," बन्सीलाल म्हणाला. "बाण तेवढा खोडा."