हात धुण्याआधी

गिरणेच्या काठचं ते तालुक्याचं गाव वाढत वाढत केळीच्या बागांना येऊन टेकलं, पालिकेने हद्द पुढे सरकवली, आणि बेबाबाईची झोपडी जागची न हलता शहरात गेली. शहरात गेल्यावर तिला दाराशी नळ मिळाला, दारावर नंबर मिळाला आणि एक नियमही मिळाला. कुत्रं पाळायचं तर त्याची नसबंदी करायची आणि पालिकेचा बिल्ला त्याच्या गळ्यात घालायचा. दिवाळीनंतर तीन शिबिरं होतील. तिसऱ्या शिबिरानंतर बिल्ल्याशिवाय दिसेल ते कुत्रं गाडीत घालून नेणार, असं पालिकेचा योगराज रिक्षातून भोंग्यावर सांगत गेला.

वस्तीतली माणसं चिडली. बेबाबाई चिडली नाही. तिच्याकडे एक कुत्री होती, फुटलेल्या बोंडासारखी पांढरी, म्हणून नाव कपाशी. नवरा गेल्यापासून त्या घरात बेबाबाईशिवाय श्वास घेणारं तेवढं एकच होतं. तरी ती म्हणाली, "मी नेते."

शेजारची शेवंताबाई म्हणाली, "अक्का, जन्मभर सुईणपण केलं आणि आता तुम्हीच असं बोलता?"

"सुईण शे म्हणूनच बोलते. अकराव्या बाळंतपणाला बाई कशी दिसते ते तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं."

पन्नास वर्षं बेबाबाईने लोकांची लेकरं जगात आणली होती. दिवा नसला तरी तिचं अडत नसे. पोटावर हात ठेवायचा आणि डोकं कुठे, पाठ कुठे, हे सांगायचं. आडवं झालेलं मूल ती तळहाताने हळूहळू सरळ करी. जे काही होतं ते बोटांना कळे. डोळ्यांनी तिने त्यातलं काही कधी पाहिलं नव्हतं. पुढे गावात सोनोग्राफी आली, पण त्या खोलीचं दार सुईणीसाठी बंद असे. ती बाहेरच्या बाकावर बसून राही.

तिने केलेलं शेवटचं बाळंतपण वस्तीतल्या नथ्थूच्या घरचं. त्याची सून रूपाली अडली होती आणि नदीला पूर होता. बेबाबाईने पोट चाचपलं आणि सांगितलं, एक आहे. एक झालं. रडलं. नाळ कापली, लेकरू आजीच्या मांडीवर दिलं आणि बेबाबाई मोरीवर हात धुवायला गेली. ती हात धूत होती तेवढ्यात दुसरं आलं. त्याला झेलायला कुणी नव्हतं. ते रडलंच नाही.

नथ्थूने तिला बोल लावला नाही. उलट रिवाजाप्रमाणे लुगडं दिलं. ते लुगडं तिने कधी नेसलं नाही, आणि त्या दिवसानंतर कुणाच्या पोटावर हात ठेवला नाही. बारा वर्षं झाली. मधल्या काळात वस्तीजवळ दवाखाना झाला, गाडी बोलावली की दारात येऊ लागली, त्यामुळे बेबाबाई थांबली हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

तिसऱ्या शिबिराच्या दिवशी ती कपाशीला दोरीने धरून पायीच गेली. शिबिर गुरांच्या दवाखान्याच्या आवारात होतं. निंबाखाली तीसेक कुत्री आणि तेवढीच माणसं. तिच्या पुढे मदनलाल शेठ उभे होते, कापडदुकानवाले. नातीच्या हट्टाने घेतलेला लठ्ठ शेरू त्यांच्या पायाशी लोळत होता आणि शेठ रुमालाने घाम पुसत होते. थंडीचे दिवस होते.

"शेठ, तुम्ही का एवढे घाबरता?" योगराज म्हणाला. "नंबर शेरूचा शे."

सगळे हसले. मदनलाल हसले नाहीत. "अरे, आम्ही मुंगीला पाय लागू देत नाही. आणि मी याला चालवत चालवत इथे आणलं. माझ्यावर भरवसा ठेवून आला तो." मग मागे वळून म्हणाले, "बेबाअक्का, तुम्ही सांगा, पाप तर नाही ना?"

"दर वर्षी तुमच्या दुकानामागे गटारीत पिल्लं मरतात, ती मोजा शेठ," बेबाबाई म्हणाली. "मग पाप कुठे ते सांगा."

शेरूचं झालं. शेठ त्याच्या उशाशी बसून राहिले. मग कपाशीचा नंबर आला.

डॉक्टर दिपमाला धुळ्याच्या. वय तिशीच्या आत, आवाज मऊ, हात चपळ. त्यांनी विचारलं, "अक्का, माजावर कधी आली होती?"

"झाला महिना. बांधून ठेवली होती."

"पूर्ण वेळ?"

"एक दुपार मी कापूस वेचायला गेले. आले तर दोरी तुटलेली. पण ही दारातच बसली होती."

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. कपाशीने भीतीने अंग आवळलं होतं, पोट पाटीसारखं ताठ. "हाताला काही लागत नाही," त्या म्हणाल्या आणि सुई भरू लागल्या. "अक्का, तुम्ही धरा तिला."

बेबाबाईने एक हात मानेखाली घातला, दुसरा पोटाखाली. ओळखीचा हात लागल्यावर कपाशी सैल पडली. आणि बेबाबाईची बोटं, जी बारा वर्षं मुकी होती, ती आपणहून चालू लागली. खोल आत, पाठीच्या कण्याकडे, काहीतरी गोल होतं. बोराएवढं. त्याच्या पुढे दुसरं. बोटं सरकली तर तिसरं, मग चौथं. दोऱ्यात ओवल्यासारखी.

तिने हात काढून घेतला.

बोलावं की नाही? याच बोटांनी एक सांगितलं होतं. आता ही चार सांगत होती. खोटी निघाली तर सगळ्या गावासमोर म्हातारी वेडी ठरेल. खरी असतील आणि ती गप्प बसली, तर ते चार जीव कपाशीच्या पिशवीबरोबर तसल्याच पत्र्याच्या ट्रेमध्ये जातील, जसा आता शेरूचा ट्रे योगराज उचलून नेत होता. कपाशीने मान वळवून तिचं मनगट चाटलं. सुई जवळ आली.

"थांब वं माय," बेबाबाई म्हणाली. "तिन्हा पोटमा पिल्ले शेतस."

योगराजने कपाळावर हात मारला. "झालं! मॅडम, गाभण असली की सवड मिळते हे बठ्ठ्या गावाला ठाऊक झालं शे. सकाळपासून सात जण 'गाभण शे' म्हणाले. त्यातले दोन तर कुत्रे होते."

पुन्हा हशा झाला. बेबाबाई योगराजकडे वळली. "मी टाळायला आले नाही रे. टाळायचं असतं तर पायी कशाला आले असते?"

तेवढ्यात निंबाखालून मदनलाल उठले. "डॉक्टरसाहेब, एक ऐका. माझा अखिल पोटात आडवा होता. माझी बायको लाडकुंवर वाचत नाही असं सगळे म्हणत होते. या बाईने हाताने सरळ केला त्याला. आज तो दोन दुकानं चालवतो. हिचा हात काही सांगत असेल तर एकदा बघून तरी घ्या."

दिपमालाबाईंनी सुई खाली ठेवली. म्हशी तपासायचं छोटं मशीन गाडीत होतं. योगराज कुरकुरत ते घेऊन आला. कपाशीच्या पोटावरचे केस काढले, थंडगार चिकट काहीतरी चोपडलं. बेबाबाई मागे सरकली. बाकाची सवय.

"अक्का, कुठे चालल्या? इकडे या, बघा."

"मी बघू?"

"मग कोण बघणार?"

योगराज म्हणाला, "पण मुलगा की मुलगी विचारायचं नाही हं अक्का, कायदा शे!" आणि या वेळी बेबाबाईही हसली.

पाटीएवढा पडदा होता. त्यावर राखाडी धूर हलत होता. डॉक्टरांनी हात किंचित फिरवला आणि धुरात एक काळं तळं उघडलं. तळ्याच्या काठाशी ज्वारीच्या दाण्याएवढं काही चिकटलेलं होतं. आणि त्या दाण्यात काहीतरी लुकलुकत होतं.

"ते काय वं?"

"काळीज."

बेबाबाईने डोक्यावरचा पदर सावरला, देवळात सावरतात तसा. मदनलाल चष्मा काढून पुढे वाकले, योगराजही वाकला. अजून डोळे नाहीत, पाय नाहीत, कुत्रं की माणूस तेही ओळखू येऊ नये, आणि काळीज मात्र कामाला लागलेलं. कुणी सांगितलं त्याला? पन्नास वर्षं आपली बोटं ज्या भिंतीवर फिरत होती, तिच्या पलीकडे हे चाललं होतं. प्रत्येक वेळी. रूपालीच्या पोटात, लाडकुंवरच्या, सगळ्यांच्या. तिच्या आईच्याही पोटात एकदा.

"एक," डॉक्टर मोजू लागल्या. "दोन. तीन. हे चौथं. चार, अक्का. तुम्ही म्हणाल्या तेवढीच."

"मी तर आकडा बोललेच नाही," बेबाबाई पुटपुटली.

"चार बोटं दाखवत होत्या ना तुम्ही."

डॉक्टर हात उचलणार, तोच त्या थबकल्या. हात तिरपा केला. चौथ्या तळ्याच्या मागून, त्याच्या सावलीतून, आणखी एक कड निघाली. तिच्यात तीच लुकलुक, जरा बारीक.

"अरे! हे पाचवं. अगदी मागे दडलंय."

"दडलंय?" बेबाबाईचा आवाज बदलला. "म्हणजे पुढचं त्याला झाकतं?"

"झाकतं ना. मशीनलाही चुकतं कधी कधी. हाताला तर कळणारच नाही. कुणाच्याच."

बेबाबाईने टेबलाची कड घट्ट धरली. कुणाच्याच, असं ती मनात दोनदा म्हणाली. डॉक्टरबाई काय सांगून गेल्या ते त्यांना ठाऊक नव्हतं. "अजून थोडं धर वं माय," ती म्हणाली. "ते पाचवं. माले दिसू दे." आणि डॉक्टरांनी, मागे रांग असूनही, हात तसाच धरून ठेवला.

पिल्लं अंगावरून सुटेपर्यंत सवड, असा कागद मिळाला. "पाचही सुटली की मीच घेऊन येते," बेबाबाई म्हणाली. योगराजने भोंगा खाली ठेवून तिला फाटकापर्यंत सोडलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी कपाशी गोणपाटावर आडवी झाली. तास-दीड तासात चार झाली. तिने चौघांना चाटून पोटाशी घेतलं आणि मान टाकून डोळे मिटले. शेवंताबाई चहा घेऊन आली.

"झालं बठ्ठं. अक्का, उठा, हात धुवा."

"नाही झालं."

"अहो, झोपली ती."

"झोपू दे."

चहावर साय धरली. दारातलं ऊन उंबऱ्यावरून चुलीपर्यंत गेलं. शेवंताबाई दोनदा येऊन पाहून गेली आणि तिसऱ्यांदा शेजारीच बसली. बेबाबाईचा एक हात कपाशीच्या कुशीवर होता. बोटांना काही लागत नव्हतं. तरी तिने हात काढला नाही. बोटांना लागत नाही म्हणजे आत कुणी नाही असं नसतं, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

ऊन चुलीवरून भिंतीवर चढायला लागलं तेव्हा कपाशीचं अंग आवळलं. पाचवं आलं ते पिशवीसकट, उंदराएवढं, निपचित. ते बेबाबाईच्या ओंजळीतच पडलं. तिने नखाने पडदा फाडला, नाक पुसलं, पदराने पाठ चोळली, एकदा, दोनदा, पुष्कळदा. शेवंताबाईने तोंडावर हात ठेवला.

मग त्या ओंजळीतून पिपाणीसारखा बारीक आवाज आला.

बेबाबाईने त्याला कपाशीच्या पोटाशी लावलं. ते चाचपडलं, घसरलं, आणि धरून प्यायला लागलं. तिने पुन्हा एकदा सगळं पोट चाचपून पाहिलं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग ती उठली, दाराशी नळावर गेली आणि तिने हात धुतले.