मागच्या खोलीतलं मशीन

रविवारची सकाळ होती आणि मच्छिंद्ररावांच्या घरात झाडलोट चालली होती. हडपसरच्या त्यांच्या जुन्या शेतावर आता सात मजली इमारत उभी आहे, तिच्याच तिसऱ्या मजल्यावर हे कुटुंब राहतं. थोरल्या तेजस्विनीला बघायला अकरा वाजता खराडीहून पाहुणे येणार होते. त्यासाठी गाद्या झटकल्या, पडदे बदलले, माळ्यावरची सतरंजी खाली काढली. ही धूळ धाकट्या संस्कृतीच्या छातीला बाधणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण पाहुण्यांच्या डोळ्यांना धूळ दिसू नये, ही काळजी मोठी ठरली.

पहाटेच सोळा वर्षांच्या संस्कृतीला धाप लागली. ओळखीचे डॉक्टर आठ वाजता येऊन तपासून गेले. स्टेरॉइडच्या गोळ्या देऊन त्यांनी तिच्या आईला, दीपमालाबाईंना बजावलं, "या गोळीनं श्वासनळीची सूज उतरेल, पण लगेच नाही. चार-सहा तास लागतात, कधी जास्तही. तोवर हे वाफेचं मशीन मी सांगितलंय तसं द्यायचं. आणि बोलताना हिचं वाक्य तुटायला लागलं, किंवा वाफ देऊनही धाप कमी झाली नाही, तर गोळीची वाट बघत बसू नका. तडक हॉस्पिटल."

दीपमालाबाईंनी नवऱ्याला हळूच विचारलं, "पाव्हण्यांना पुढच्या रविवारी बोलवू या का?"

"आन कारण काय सांगणार? तारीख ढकलली की माणसं चौकशा करत्यात. एकीला दमा हाय म्हणलं की दुसरीकडं त्याच नजरेनं बघत्यात." मग त्यांना वेगळीच शंका आली. "डॉक्टर वर येताना कुणी बघितलं का?"

मच्छिंद्रराव सहा वर्षं असेच जगत होते. मुलीची औषधं ते गल्लीतल्या दुकानातून कधी आणत नसत, तीन किलोमीटर लांब जात. लिफ्टमध्ये पोर खोकली की 'सर्दी झालीय' असं न विचारता सांगत. त्यांची भीती खोटी नव्हती, हेही कबूल केलं पाहिजे. आपल्याकडे मुलगी बघायला जाणारे तिचं शिक्षण दोन मिनिटांत उरकतात आणि तिच्या घरात कुणाला काय आजार आहे हे तासभर हुंगत बसतात. त्याला आपण स्थळाची चौकशी असं सभ्य नाव दिलंय.

पाहुणे वेळेवर आले. नवरा मुलगा इंद्रजीत, त्याचे आईवडील आणि मथुराबाई ही आत्या. आत्या शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या, पण हजेरी घ्यायची सवय काही सुटली नव्हती.

"धाकटी दिसत नाही?" बसताबसताच त्यांनी विचारलं.

"क्लासला गेलीय," मच्छिंद्रराव म्हणाले.

"रविवारी?"

"परीक्षा जवळ आलीय ना."

"हो का! चपला दाराशीच ठेवून गेली वाटतं."

मच्छिंद्ररावांनी हसून वेळ मारून नेली. इतक्यात मागच्या खोलीतून घर्र असा आवाज सुरू झाला. संस्कृतीनं मशीन लावलं होतं. आत्यांनी मान तिरकी केली. ते पाहून दीपमालाबाई लगबगीनं स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी मिक्सर सुरू केला.

रिकामा मिक्सर वेगळा वाजतो. म्हणून हाताला लागलं ते त्यांनी भांड्यात टाकलं, वाटीभर शेंगदाणे आणि मूठभर सुक्या मिरच्या. आत लेक वाफ घेत होती, इथं आई बटण दाबून धरून उभी होती. तिच्या मनात पाप नव्हतं. दोन्ही मुलींचं भलं एकाच वेळी करायला निघालेली ती बाई होती.

"अहो, बारशाची चटणीसुद्धा आजच करून ठेवताय का?" बाहेरून आत्यांचा आवाज आला.

तेवढ्यात तापलेला मिक्सर बंद पडला. घरघर एकटीच ऐकू येऊ लागली. मच्छिंद्रराव "आलोच" म्हणत उठले, मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी मशीनची वायर उपटली.

"बाळा, दहा मिनटं कळ काढ. ताईच्या लग्नाचा प्रश्न हाय. आन गोळी घेतलीय की तू, तिचा गुण येईलच."

संस्कृतीनं मान डोलावली. बोलायला तिच्याकडे श्वास नव्हता. त्यांनी जाताना दार ओढून घेतलं.

स्वयंपाकघरात दीपमालाबाईंनी भांड्याचं झाकण काढलं आणि मिरचीचा खकाणा घरभर पसरला. आत्या खोकल्या, इंद्रजीत शिंकला, सगळ्यांना ठसका लागला. पाणी पिऊन एकेकाचा थांबला. दाराआडचा खोकला मात्र थांबेना.

"शेजारची पोर हाय," मच्छिंद्रराव म्हणाले.

पोह्यांचा ट्रे घेऊन आलेल्या तेजस्विनीनं तो तिथंच खाली ठेवला आणि मागचं दार उघडलं. संस्कृती खाटेच्या कडेला गुडघ्यांवर हात रोवून बसली होती. प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती.

"ताई... झालं... बघून?"

तीन शब्दांना तीन श्वास लागले. डॉक्टरांनी सकाळी बजावलेलं तेजस्विनीनंही ऐकलं होतं. तिनं मशीन पुन्हा लावलं, मास्क बहिणीच्या तोंडावर धरला आणि ओरडली, "आई, अँब्युलन्सला फोन कर! वाक्य तुटतंय तिचं!"

"तेजू, हळू बोल!" मच्छिंद्रराव दातओठ खात म्हणाले.

"का हळू? ही माझी बहीण आहे. हिला दमा आहे, दहा वर्षांची होती तेव्हापासून. तुम्ही सगळे येणार म्हणून आज तिचं मशीन बंद केलंय."

मथुराबाई सावकाश म्हणाल्या, "मला शंका होतीच."

"शंका होती? मग उठून दार का नाही उघडलंत?"

इंद्रजीत उभा राहिला, त्यानं आत्याकडे बघितलं आणि तो पुन्हा बसला. तेजस्विनीनंही ते बघितलं. "तुम्ही या आता," ती म्हणाली. "मला हे स्थळ नको."

हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावला, वाफ सुरू केली, स्टेरॉइड शिरेतून दिलं. दीपमालाबाई दर पाच मिनिटांनी पडदा सरकवून बघत. "अजून फरक न्हाय! तुमी दिलंय ते खरंच लागू पडतंय ना?"

"या औषधाला वेळ लागतोच, बाई," तिथल्या डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून तर श्वास चालता ठेवायला बाकीचं सगळं एकत्र देतोय. तोवर आम्ही हिच्यापासून हलणार नाही."

चारच्या सुमारास गळ्याची ती खळगी दिसेनाशी झाली. सहा वाजता संस्कृतीनं एका दमात पाणी मागितलं आणि दीपमालाबाईंना रडू फुटलं. मिरचीचा वास अजून त्यांच्या हातांना येत होता. आज हे हात आपल्याच लेकीच्या जिवावर उठले होते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

बाहेर मच्छिंद्रराव डॉक्टरांना बाजूला घेऊन विनवत होते, "मॅडम, कागदावर तेवढं दमा लिहू नका. ॲलर्जी लिहा. पोरीची जात हाय, उद्या कुणाच्या हाती कागद लागला तर..."

दीपमालाबाई डोळे पुसत मध्ये येऊन उभ्या राहिल्या. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, चारचौघांत नवऱ्याचं बोलणं त्यांनी कधी तोडलं नव्हतं.

"दमाच लिहा."

"अगं, माणसं ऐकत्यात."

"ऐकू द्या. माझ्या संस्कृतीला दमा हाय. दमा!"

डॉक्टरांनी तसंच लिहिलं. समोरच्या बाकड्यांवर दहा-बाराजण बसले होते. सगळ्यांच्या माना वळल्या. त्यांत कुणी भावासाठी मुलगी बघत असेल, कुणी मुलासाठी. घरी गेल्यावर त्या पोरीबद्दल त्यांनी काय सांगितलं असेल, हे मला माहीत नाही. त्या बाकड्यावर आपण असतो तर काय सांगितलं असतं, हे आपल्याला चांगलं माहीत आहे.