नाव गाळलेला उखाणा

आकांक्षाने आयुष्यात कधी यमक जुळवलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला तिच्या पगारापेक्षा जास्त अभिमान होता. पगार परळच्या एका चष्म्याच्या दुकानात मिळायचा. दिवसभर गिऱ्हाइकांना अक्षरं वाचायला लावायची, संध्याकाळी स्वतः लिहायची. लिहिलेलं टाकायची ‘कात्री’ नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

कात्रीचा कायदा सोपा होता. कुणी कविता टाकली की प्रत्येकाने त्यातली एक ओळ कापायची आणि का कापली ते सांगायचं. कवीने गप्प बसायचं. वाद घातला तर शिक्षा: दौलतकाकांची ताजी कविता मोठ्याने वाचून तिचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकायचं. त्यामुळे वाद फारसे होत नसत.

दौलतकाका गिरगावातले, छापखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना जगातल्या प्रत्येक शब्दाचा जोडीदार ठाऊक होता. गौतम नायगावचा, ग्रुपचा ॲडमिन. त्याची स्वतःची सर्वात मोठी कविता तीन शब्दांची होती आणि त्यातला एक त्याला अजून खटकत होता. प्रिती शीवची. ती कुणाचीही ओळ कापण्याआधी बदाम पाठवायची, कापल्यावरही पाठवायची. बाकीची मंडळी अंगठे दाखवण्यापुरती. एकमेकांना प्रत्यक्ष कुणीच पाहिलेलं नव्हतं, म्हणून सगळ्यांचं एकमेकांशी फार छान जमत होतं.

अशात आकांक्षाचं लग्न ठरलं. मुलगा राकेश, लालबागचा, एसी दुरुस्त करणारा, स्वभावाने थंड. अडचण राकेशची नव्हती. अडचण होती त्याच्या आईची, म्हणजे चंपाताईंची. “आमची सून कवयित्री आहे,” हे त्यांनी चाळीच्या चारही मजल्यांना सांगून झालं होतं. दादरला हार सांगायला गेल्या, तर हारवाल्यालाही सांगून आल्या. तो म्हणाला, मग शेवंती घ्या.

“उंबऱ्यावर उखाणा असा घे,” चंपाताई फोनवर म्हणाल्या, “की या बायकांची तोंडं बंद झाली पाहिजेत. गेल्या वर्षी राधाच्या सुनेने घेतला, तर ही बया वर्षभर मलाच ऐकवतेय.”

आकांक्षाने फोन ठेवला आणि वही उघडली. एका बाजूला सासूची अब्रू. दुसऱ्या बाजूला आजवर न जुळवलेली सगळी यमकं. तिने मधला मार्ग काढला. मुक्तछंदातला उखाणा.

खर्डा पहिला

लालबागला तिसऱ्या मजल्यावर
एक दार उघडं आहे,
दारात तांदळाचं माप.
मापाच्या अलीकडे मी,
पलीकडे कुकर, टीव्ही, माणसं,
आणि माझ्या शेजारी उभा
राकेश.

दौलतकाका : अभिनंदन बेटा. पण अगं, राकेशला ‘प्रवेश’ जुळतं. देवाने ताटात वाढलंय. ‘राकेशरावांचं नाव घेऊन करते गृहप्रवेश.’ झालं, सगळे जेवायला मोकळे.

आकांक्षा : काका, यमक नको.

दौलतकाका : का, त्याने तुझं काय घोडं मारलंय?

गौतम : आकांक्षा, तू गप्प. काका, तुम्ही कापा, वाढू नका. मी पहिली ओळ कापतो. कवितेला पत्ता कशाला? कुरिअर आहे का ते?

प्रिती : (बदाम, बदाम) ‘माझ्या शेजारी उभा’ ही ओळ काढू या का? तो उभा असणारच ना तिथे. लोकांना दिसेल. (बदाम)

दौलतकाका : मग मी कुकरवाली ओळ कापतो. आमच्या वेळी कवितेत चंद्र असायचा. आता कुकर आणि टीव्ही. उद्या मिक्सर येईल.

ओळी गेल्या. आकांक्षाला दर वेळी दाढ काढल्यासारखं व्हायचं, आधी कळ आणि मग हलकं. उरलेलं तिने पुन्हा टाकलं.

खर्डा दुसरा

एक दार उघडं आहे,
दारात तांदळाचं माप.
मापाच्या अलीकडे मी,
राकेश.

प्रिती : आता असं वाटतंय की तुझंच नाव राकेश आहे. (हसरा चेहरा, बदाम) आणि माप दोनदा आलंय. पहिलं काढू या.

दौलतकाका : मी या फेरीत हक्क राखून ठेवतो. मला काय वाटतं ते मी आधीच बोललोय आणि त्याला यमक होतं.

गौतम : राकेश काढ.

गौतम : सिरीयसली. नाव सांगितलं की कविता संपते. वाचकावर विश्वास ठेव.

यावर पटापट अंगठे आले. प्रितीने बदाम पाठवले. आकांक्षा दुकानातल्या आरशासमोर उभी राहून उरलेल्या दोन ओळी पुटपुटली आणि तिच्या अंगावर काटा आला. इतकी हुशार माणसं, पण उखाणा कशासाठी घेतात हे त्या घडीला एकालाही आठवलं नाही. तिलाही नाही. कात्री हातात असली की आधी चालते आणि मग विचार करते.

खर्डा शेवटचा

एक दार उघडं आहे,
मापाच्या अलीकडे मी.

गौतम : आता ही कविता झाली.

गौतमकडून हे वाक्य आजवर कुणालाच मिळालं नव्हतं. आकांक्षाने त्याचा स्क्रीनशॉट काढून राकेशला पाठवला, खाली कविता पाठवली. राकेशचं उत्तर आलं : मस्त. ही सुरुवात आहे ना?

लग्न दादरच्या हॉलमध्ये सकाळी लागलं. जेवणं झाली, फोटो झाले, दुपारी चहाच्या वेळेला वरात टॅक्सीने लालबागला पोचली आणि जिन्याने तिसऱ्या मजल्यावर आली. गॅलरीत बायकांची भिंत. दारात माप. मापामागे राकेशची आत्या, रखमाआत्या, मुद्दाम मालवणहून आलेली. कमरेवर हात ठेवून ती अशी उभी होती की दार नसतं तरी चाललं असतं. बाजूला राकेशची बहीण मानसी, मोबाईल धरून.

“नाव घेतल्याशिवाय भुतूर येवचा नाय,” आत्या म्हणाली.

“थांबा, थांबा, नीट ऐका सगळ्यांनी,” चंपाताई म्हणाल्या. “कुणी मध्ये बोलायचं नाही. राधा, तुलाच सांगतेय.”

राधामावशी समोरच्या खोलीतल्या. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, पण डोळे बोलतच होते.

आकांक्षाने पदर सावरला, श्वास घेतला आणि म्हणाली :

“एक दार उघडं आहे,
मापाच्या अलीकडे मी.”

गॅलरी शांत. खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली ठेवली, तेवढाच आवाज.

आकांक्षा सुखावली. कात्रीवर अशी शांतता फार थोड्या कवितांना मिळायची. शांतता लांबली, तसा तिचा चेहरा आणखी खुलला.

“पुढे?” राधामावशी म्हणाल्या.

“झालं.”

“काय झालं?”

“उखाणा.”

रखमाआत्याने मान पुढे काढली. “नाव खंय हा?”

आकांक्षाच्या डोळ्यांसमोरून एकेक कापलेली ओळ गेली. सगळ्यात शेवटी गेला राकेश. प्रत्यक्ष राकेश शेजारीच उभा होता, फेट्याखाली खाजवत.

“नाव सूचित आहे,” ती कशीबशी म्हणाली.

“सूचित कोण?” राधामावशींनी चंपाताईंना विचारलं. “याचं पाळण्यातलं नाव का?”

“ते मोठं काव्य असतं, तुला नाही कळायचं,” चंपाताई म्हणाल्या.

“मग तुला कळलं?”

“मला कशाला कळायला हवं? ती माझ्याकडे राहणारच आहे. कळेल हळूहळू.”

आकांक्षाने कमरेला खोचलेला आपला फोन पदराआड हळूच काढला. कात्रीवर मेसेज टाकला : इथे नाव मागतायत, काय करू? उत्तरं लगेच आली.

गौतम : तडजोड नको. त्यांना वेळ दे.

दौलतकाका : मी काही बोलत नाही. पण प्रवेश अजून उपलब्ध आहे.

प्रिती : शालूचा फोटो पाठव ना. (बदाम)

इकडे गॅलरीत दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, नाव नाही तर उखाणा नाही, साधा हिशेब आहे. दुसऱ्या तटाचं नेतृत्व, कुणी कल्पना केली नसेल, पण राधामावशींनी घेतलं.

“माझ्या सासूने आयुष्यात नवऱ्याचं नाव उच्चारलं नाही,” त्या म्हणाल्या. “नावच काय, ‘अहो’सुद्धा नाही. भांडं आपटायची. सासरे यायचे. ही पोरगी त्याच वळणाची दिसतेय. मला तर बाई आवडलं.”

“तुका आवडाक काय जाता?” आत्या उसळली. “उखाणो आमच्या घरातलो.”

“गॅलरी सगळ्यांची आहे.”

एवढं ऐकल्यावर आत्या दार सोडून कठड्यापाशी गेली, कारण समोरासमोर बोलल्याशिवाय तिला बोलल्यासारखं वाटत नसे. बाकीच्या बायकाही तिकडे सरकल्या. दार रिकामं झालं.

राकेश आकांक्षाच्या कानाशी आला. “चल ना. मला केव्हापासून बाथरूमला जायचंय. आणि या फेट्यात काहीतरी आहे.”

तो माप ओलांडून आत गेला. आकांक्षाने इकडेतिकडे पाहिलं, उजव्या पायाने माप लवंडलं आणि गेली. कुणालाही पत्ता नाही.

आत पंखा चालू होता. पलंगावर लाडवांचं ताट झाकलेलं होतं. आकांक्षा टेकली, एक लाडू उचलला. संकट टळलं होतं. आता कुणी विचारलं तर सांगता येईल की केव्हाच आले मी.

बाहेर तिची कविता चालू होती.

“परत म्हण बघू,” कुणीतरी म्हणालं.

“एक दार उघडं आहे,” राधामावशी म्हणाल्या, आणि ‘उघडं’वर नेमक्या थांबल्या. आकांक्षाचा लाडू तोंडाशीच राहिला. ग्रुपबाहेरच्या माणसाने तिची ओळ पाठ केलेली तिने पहिल्यांदाच ऐकली. ग्रुपवाले तर पाठ करेपर्यंत ओळ ठेवतच नसत.

“मापाच्या अलीकडे मी.” राधामावशींनी दुसरी ओळही म्हटली. मग त्यांचा आवाज बदलला. “अगं, पण म्हणजे काय? दार उघडंय. कुणी अडवलेलं नाही. आणि ही अलीकडेच उभी. चंपा, हिला आत यायचंच नाहीये.”

“काहीतरीच काय बोलतेस?”

“मी नाही, तीच म्हणाली. सगळ्यांसमोर.”

“खराच गो,” आत्या म्हणाली. “तिका येवचाच नाय भुतूर.”

दोन्ही तट या एका मुद्द्यावर क्षणात एक झाले. चंपाताई काहीच बोलल्या नाहीत, आणि त्या काहीच बोलत नाहीत हे ऐकून आकांक्षा उठून उभी राहिली. कवीने अर्थ सांगायचा नाही, हा कात्रीचा कायदा. लाडू ताटात ठेवला. कायदा तिथेच राहू दिला. उंबऱ्यावर बसून तिने सांडलेले तांदूळ भराभर मापात भरले आणि शालूला लाडवाचा हात पुसत घरातून गॅलरीत आली.

“तू खयसून इलंस गो?” आत्याने विचारलं.

“आतून.”

“आतून कशी?”

“आले होते. आता परत येते. आई, इकडे बघा.” चंपाताईंचे डोळे भरायच्या बेतात होते. “ते अर्धंच होतं. सगळं आता म्हणते.”

आत्या पुन्हा दारात जाऊन उभी राहिली, आणि आकांक्षा मापाच्या अलीकडे.

“लालबागला तिसऱ्या मजल्यावर
एक दार उघडं आहे,
दारात तांदळाचं माप.
मापाच्या अलीकडे मी,
पलीकडे कुकर, टीव्ही, माणसं—”

“कुकर नवा आहे, ते सांग,” चंपाताई डोळे पुसत म्हणाल्या.

“पलीकडे नवा कुकर—”

“गणपतीचा कोनाडा घाल गो. देव रवलो.”

“नवा कुकर, गणपतीचा कोनाडा—”

“आणि समोर आमची खोली,” राधामावशी म्हणाल्या. “नाही, नको असेल तर राहू दे. पण दुधाला विरजण लागलं की तू माझ्याकडेच येणार आहेस.”

“समोर राधामावशींचं विरजण—”

“माझं नाव आलं,” राधामावशी सगळ्यांना म्हणाल्या. “ऐकलंत ना?”

मग कुणी ऐकेना. कुणाचा पोपट आला, कुणाचं लोणचं आलं, जिन्याची तुटकी पायरी आली, ‘जपून चढ’ हेही आलं. ओळी वाढत गेल्या आणि आकांक्षा एकही न गाळता घेत गेली. आत्याला उभं राहवेना, तेव्हा मानसीने तिला दारातच स्टूल आणून दिलं. गौतमने हे ऐकलं असतं तर ग्रुप बंद केला असता.

“आणि या सगळ्यात,” ती शेवटी म्हणाली, आणि तिने पदर पुन्हा सावरला, कारण हे नाव तिने अजून त्याच्या घरच्यांसमोर मोठ्याने घेतलंच नव्हतं, “माझ्या शेजारी उभा—”

सगळ्यांनी शेजारी पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं.

“—राकेश.”

“काय गं?” बाथरूममधून आवाज आला. “ऐक ना, टॉवेल कुठे ठेवतात ते आईला विचार जरा.”

बायका हसत सुटल्या. राधामावशींना कठडा धरावा लागला. रखमाआत्याने स्टूल बाजूला केलं.

“ये बाय भुतूर,” ती म्हणाली. “त्याका टॉवेल दी आधी.”